लंडनचं विमान किती वाजता पोचतं?



आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक नर्स आहे. गेल्या डिसेंबरात ती नोकरीसाठी लंडनला गेली. तिकिटावर होतं, मुंबईहून सुटणार रात्री २ वाजता, लंडनला पोचणार सकाळी साडेसहाला. ताईंनी बोटं मोजली, साडेचार तास! सकाळी सात वाजले, नऊ वाजले, फोन नाही. आपण लावावा तर लागत नाही. अकरापर्यंत आम्ही सगळ्या त्यांच्या ओट्यावर, आणि ताईंनी देव पाण्यात घातलेले. दुपारी दीडला फोन वाजला. "आई, पोचले गं. आत्ताच विमानतळाबाहेर आले."

विमान अगदी वेळेवर पोचलं होतं. तिकीट वाचायला आम्हीच चुकलो.

तिकिटावर सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ लंडनच्या. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, तिकडे मागाहून. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपल्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरतात, ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. लंडनची धरतात शून्यावरून. साडेब्याऐंशीला चारने गुणा, ३३० मिनिटं येतात. म्हणजे साडेपाच तास. तिथे सकाळचे साडेसहा तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा. लेक दहा तास विमानात होती, आणि फोन बंद!

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासच राहतो.

मुंबई-लंडन अंतर सरळ धरलं तर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान तासाला ९०० च्या आसपास जातं. मग आठ तासांत का पोचत नाही? चढता-उतरताना वेग कमी असतो, वाटही वळणाची असते. त्यात एवढ्या उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, तो जाताना समोरून लागतो. येताना तोच पाठीशी असतो, म्हणून परतीला साधारण तासभर कमी लागतो. कधी एखादा देश आपलं आकाशच बंद करतो. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने तसं केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला होता.

आता लेक संक्रांतीला येतेय. लंडनहून १३ जानेवारीला सकाळी १० ला निघेल, नऊ तासांनी मुंबईत. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. तिकिटावर तारीख १४! जीपवाला म्हणाला, "१४ च्या रात्री येतो." ताईंनी त्याला बसवून घेतलं आणि कॅलेंडरवर बोट ठेवलं. "१४ च्या रात्री आलास तर पोरगी दिवसभर विमानतळावर बसेल. तू १३ ला दुपारीच निघ."