गुडघेदुखीची गोळी जपून घ्या

साठी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात. मग दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून परस्पर घेतले जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी विचारले की रुग्ण मला सगळे सांगतात. ही गोळी मात्र ‘दुखण्याची साधी गोळी’ म्हणून सांगायची राहते. ती साधी नाही. वयोमानाने मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते. त्यात या गोळ्यांमुळे त्यांचा रक्तपुरवठा आणखी घटतो, रक्तदाब वाढू शकतो आणि जठरात व्रण होऊन रक्तस्रावही होऊ शकतो. सोबत रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिकच.

शौचाला डांबरासारखे काळे होणे, लघवी कमी होणे, पायांवर सूज येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित डॉक्टरांना गाठावे. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

गुडघ्याला शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि दुखऱ्या जागी लावायचे मलम यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. तरीही गोळी लागलीच तर कोणती, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. तपासणीला येताना घरातील सर्व गोळ्या, चूर्णे व काढे एका पिशवीत घालून आणावेत. ती पिशवी पाहिल्यावर अर्धे निदान तिथेच होते, असा माझा अनुभव आहे.