पुण्यात खोली बघताय? आधी करार, मग डिपॉझिट

निकाल लागले की गावाकडची पोरं नोकरीसाठी, क्लाससाठी पुण्याला निघतात. पहिला प्रश्न खोलीचा. मोबाईलवर हिंजवडी-वाकडचा चकाचक फ्लॅट निम्म्या भाड्यात दिसतो. फोन केला की समोरचा सांगतो, 'मी लष्करात आहे, बदली झालीय. टोकन टाका, चावी मिळेल.' इथंच पैसे जातात. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय रुपयाही पाठवू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन लावा.

खोली पसंत पडली की 'लिव्ह अँड लायसन्स' करार मागा. तो बहुतेक ११ महिन्यांचा असतो. 'नोटरी करून भागवू' असं बरेच मालक म्हणतात, पण ते पुरेसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; ते खोडायचं तर पुरावा मालकानं द्यायचा. नोंदणी ऑनलाईनही होते.

खरी भांडणं होतात ती खोली सोडताना. डिपॉझिट किती, परत कधी, रंगाचे पैसे कोण देणार, हे करारातच लिहून घ्या. आणि डिपॉझिट रोख नको, बँकेतून द्या.