सात्यांची ओळख वारुळात
पाऊस लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वारुळांवर सात्या उगवतात. शास्त्रज्ञ या अळंब्या पूर्वी वेगवेगळ्या प्रजातींत टाकत. १९४२ मध्ये फ्रान्सच्या रॉजर हाइम यांनी वाळवीशी असलेले नाते पाहून त्यांची एक स्वतंत्र प्रजाती केली, टर्मिटोमायसिस. वाळवी ही बुरशी वारुळात चक्क पिकवते. सात्याचा देठ मुळासारखा तिथवर उतरतो. छत्री वरून तोडली की ही ओळख जमिनीतच राहते! चांदीचा चमचा काळा पडतो का, हे पाहून विष कळत नाही. काही विषारी अळंब्यांतले अमाटॉक्सिन शिजवूनही जात नाही; उलट्या-जुलाब बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात. मधे एखादा दिवस बरे वाटते, तेव्हाही यकृत नासतच असते. थांबू नका, रुग्णालय गाठा. उरलेली अळंबी सोबत आणा.