टोपलीची वीण आणि शाळेतील गणित

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील होत. कळकाची दाट बेटे पश्चिमेकडील मावळ, मुळशी, भोर ह्या भागांत आढळतात. तरीही सूप, टोपली, रोवळी, दुरडी, कणगी ह्यांवाचून येथील शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्या अडत असे. ही गरज बुरूड कारागिरांनी भागविली. अलीकडे प्लॅस्टिकच्या पाट्या स्वस्त मिळू लागल्याने हा धंदा ओसरत चालला आहे. परंतु त्यातील ज्ञान शाळेस आजही उपयोगी पडणारे आहे.

बांबू हे झाड नसून गवताच्या कुळातील वनस्पती होय. त्याचे तंतू उभे व समांतर असतात. म्हणून कोयत्याने एकदा चीर दिली की तो सरळ फाटत जातो. बाहेरची साल चिवट असते, आतला भाग त्या मानाने मऊ व कमी टिकाऊ असतो.

टोपली विणताना कामट्यांची टोके बुडापासून वर वळवितात आणि एक लांब पट्टी एका कामटीच्या बाहेरून, दुसरीच्या आतून अशी फिरवितात. कामट्यांची संख्या सम असेल, तर प्रत्येक फेरीत पट्टी त्याच कामट्यांच्या बाहेरून जाते व वीण घट्ट बसत नाही. संख्या विषम असेल, तर दर फेरीस आपोआप पालट होतो. म्हणून संख्या सम आल्यास एक कामटी वाढवावी किंवा एकीच्या चिरून दोन कराव्या लागतात. अथवा दोन पट्ट्या आळीपाळीने चालवाव्या लागतात. चीनमध्ये हजारो वर्षे बांबूच्या टोपल्या विणल्या जात आहेत. एकाच पट्टीने विणणाऱ्या तेथील कारागिरासही हाच नियम पाळावा लागतो.

हा पाठ वर्गात सहज घेता येईल. पुठ्ठ्याच्या वाटोळ्या चकतीस कडेपासून मध्याकडे आठ चिरा पाडाव्या व दोरा एका पाकळीच्या वरून, दुसरीच्या खालून फिरवावा. नंतर नऊ चिरांची चकती घ्यावी. नियम आधी सांगू नये. दोहोंतील फरक मुलांनाच शोधू द्यावा.

१९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही इयत्ता ६ वी ते ८ वीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून शिकावे, असे सुचविले आहे. तेव्हा गावातील बुरूड कारागिरांस शाळेत मानाने बोलवावे व त्या दिवशी शिक्षकांचे आसन त्यांस द्यावे.

मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कारागिराच्या घरचे मूल वर्गात असल्यास, “हे तुझ्या घरचे काम, तूच करून दाखव,” असे त्यास म्हणू नये. तसे म्हटल्याने ते मूल इतरांपासून वेगळे पडते आणि विद्येऐवजी जातीकडे सर्वांचे लक्ष जाते. पट्टी सर्वांच्याच हाती द्यावी. पाठ संपल्यावर मुलांची कामे कारागिरांस दाखवावी आणि त्यांनी काढलेल्या चुका मुलांकडून सुधारून घ्याव्या.