खंबाची थोरली बहीण

भाऊबीजेचा दिवस. मणिपूरच्या मैतेई घरांत याच तिथीला निंगोल चाकोबा असतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी जेवायला येतात, भाऊ त्यांना ओवाळणी घालतात. मे 2023 मध्ये तिथे उसळलेल्या वांशिक हिंसाचारापासून मात्र कित्येकींना जायला माहेरचं घरच राहिलेलं नाही. मोइरांगमध्येही विस्थापितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. आपल्याला मोइरांग आठवतं ते 1944 साली आझाद हिंद सेनेनं तिथे फडकवलेल्या तिरंग्यामुळे. मैतेईंसाठी ते त्याच्या कितीतरी आधीपासून खंबा-थोईबीचं गाव आहे.

राजकन्या थोईबी आणि पोरका वीर खंबा, मत्सरी प्रतिस्पर्धी, शेवटी दोघांचा मृत्यू. पेना या तंतुवाद्याच्या साथीवर गायिली जाणारी ही कथा हिजम अंगांघल यांनी महाकाव्यात बांधली. सगळे तिला प्रेमकथाच म्हणतात. मला ती खंबाच्या थोरल्या बहिणीची, खमनूची कथा वाटते.

आईबाप गेले तेव्हा खमनूही लहानच होती. तिनं दारोदार हात पसरले, मिळेल ते काम केलं आणि धाकट्या भावाला वाढवलं. थोईबीची ओळख आधी झाली ती खमनूशी, मोइरांगच्या बाजारात. लोकताक सरोवरावर मासे धरायला थोईबीनं बोलावलं तेही तिलाच. खंबा त्यानंतर आला.

आणि तो बैलाचा प्रसंग! माणसं मारत सुटलेला उन्मत्त बैल पकडायचं खंबानं पत्करलं. ताकद त्याच्याकडे होतीच, पण बैलाचा पूर्वेतिहास ठाऊक होता खमनूला. हा बैल आपल्याच वडिलांच्या कळपातला, हे तिनं भावाला सांगितलं, रेशमी दोर हातात दिला आणि बैलाच्या कानात वडिलांचं नाव घ्यायला लावलं. बैल शांत झाला. जयजयकार अर्थातच खंबाचा झाला, अजूनही होतो. मला हे खटकतं. घराण्याची स्मृती एकट्या मुलीनं उपासमारीतही जपली होती, म्हणून तो पराक्रम शक्य झाला.

निंगोल चाकोबाच्या इतिहासातही मुळात देणारी बहीणच होती. परंपरेनुसार राणी लाइसना दरवर्षी भाऊ पोइरैतोनला आपल्याकडे जेवायला बोलावी. म्हणजे आपल्या भाऊबीजेसारखंच, भाऊ बहिणीच्या घरी. एकोणिसाव्या शतकात महाराजा चंद्रकीर्तींच्या काळात ही रीत उलटली आणि बहिणींना आमंत्रण जाऊ लागलं. खमनूच्या मोइरांगला मात्र जुनीच रीत शोभते. तिथे भावाच्या ताटात घास पडला तो बहिणीच्या कष्टाचा.