कुलाब्याची नोंद, सूर्याचा अंदाज

आपल्या घड्याळात सकाळचे आणि संध्याकाळचे सहा वाजले की अमेरिकेतल्या बोल्डर शहरातून एक पत्रक निघतं. पुढचे तीन दिवस पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळेल, याचा दर तीन तासांचा अंदाज त्यात असतो. मोजमाप शून्य ते नऊ. पाचापासून पुढे वादळ. ध्रुवाजवळून विमानं नेणारे, वीजवाहिन्या सांभाळणारे, उपग्रह चालवणारे, सगळ्यांचं त्याकडे लक्ष असतं.

हे क्षेत्र खवळतं ते सूर्यामुळे, म्हणून अंदाज बांधायचा तर सूर्य रोज मोजायला हवा. कॅनडातल्या पेंटिक्टनची दुर्बीण सूर्याकडून येणाऱ्या १०.७ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी मोजते. या नोंदी १९४७पासून आहेत, आणि ढगांमुळे त्या अडत नाहीत. सूर्य शांत असेल तर आकडा सत्तरच्या आसपास राहतो, भरात आला की दोनशेच्या वर जातो. सूर्याच्या किरीटातल्या विवरांतून वेगवान वारा सुटतो. ती विवरं साधारण २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतात, म्हणून त्यांचा अंदाज बऱ्यापैकी जमतो.

खरी कसोटी लागते ती सूर्यावरून अब्जावधी टन द्रव्याचा ढग सुटतो तेव्हा. तो निघालेला दिसतो, एक ते तीन दिवसांत पोहोचेल हेही सांगता येतं. पण त्याच्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि वादळ पेटतं. ही दिशा लांबून कळत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी असलेल्या यानांवरून ढग गेला की ती कळते, आणि तेव्हा हाताशी फार तर तासभर उरतो. आपलं ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४पासून तिथेच आहे. त्यावर चुंबकत्वमापक आहेच, शिवाय अतिनील किरणांत सूर्याची चित्रं घेणारी पुण्याच्या आयुकाची ‘सूट’ दुर्बीणही आहे.

वादळ सौम्य म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये स्पेसएक्सने ४९ उपग्रह अगदी खालच्या कक्षेत सोडले होते. वादळ साधंच होतं, पण तापून फुगलेल्या वातावरणाच्या घर्षणाने त्यातले चाळीसच्या आसपास उपग्रह गमावले गेले.

मग वादळ जास्तीत जास्त किती मोठं होऊ शकतं? या प्रश्नाला आकडा मिळाला तो मुंबईत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौरडागांवर प्रखर ज्वाळा दिसली. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ धडकलं. कुलाबा वेधशाळेत तेव्हा माणसं डोळ्यांनी वाचन घेत. एरवी तासातासाला, खळबळ असली की काही मिनिटांच्या अंतराने. २ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण त्यांनी टिपली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ससिंग लाखिना आणि सहकाऱ्यांनी तीच नोंद काढून त्या वादळाचं मोजमाप केलं. त्या सकाळी ज्यांनी वाचन चुकवलं नाही, त्या माणसांचे उपकार फार मोठे आहेत.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्यातली उपकरणं बिघडतील, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी आधीच ओळखलं. नव्या वेधशाळेसाठी त्यांनी अलिबाग निवडलं. चुंबकीय नसलेला दगड पारखून घेतला, लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी ठेवली, म्हणून मालिका तुटली नाही. आज हे काम नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते.

मे २०२४च्या वादळात लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालं. जगभरच्या केंद्रांच्या तासाच्या सरासरीने तेव्हाची घट ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास भरली. कुलाब्याचे आकडेही तसेच तासाच्या सरासरीने घेतले, तर १८५९ची घट तिच्या दुपटीच्या घरात जाते.