शेवाळाचे तेल : वचन आणि हिशेब

शेवाळ म्हटले की विहिरीची निसरडी पायरी आठवते. त्यापासून मोटारीचे इंधन निघते असे कोणी सांगितले, तर ती थाप वाटेल. पण ती थाप नव्हे. सूक्ष्म शेवाळ ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांवर वाढते व काही जातींच्या पेशींत तेल साठते. त्या तेलावर मेथॅनॉलची प्रक्रिया केली की डिझेलसारखे इंधन होते. सुपीक जमीन नको, खारे पाणीही चालते. माणसाच्या ताटातला घास इंजिनाच्या तोंडी जात नाही. वचन मोठे आहे. परंतु करारातला आकडा आणि हातात पडणारा आकडा ताडून पाहण्याची आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना सवय. तोच हिशेब येथे मांडू.

अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून हे संशोधन केले. ३,००० वर जाती गोळा झाल्या. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथील उघड्या तळ्यांत एखाद्या दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत शेवाळ निघाले. पण थंडीमुळे ते प्रमाण टिकले नाही. दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद. नायट्रोजन तोडला की पेशीत तेल वाढते, मात्र शेवाळाची वाढच खुंटते. उपाशी ठेवून उत्पन्न वाढत नाही, हे मालकवर्गाला न पटलेले सत्य शेवाळाने सिद्ध केले!

तिसरी अडचण पाण्याची. तळ्यातल्या लिटरभर पाण्यात कोरडे शेवाळ बहुधा एक ग्रॅमही भरत नाही. म्हणजे किलोभरासाठी हजार लिटरांहून अधिक पाणी ढवळा, उपसा, गाळा. त्याला वीज लागते, वर खतही लागते. इंधनासाठीच इंधन जाळायचे!

२००९ साली एक्सॉनमोबिल कंपनीने, यश येत गेल्यास ६० कोटी डॉलर खर्चण्याची घोषणा केली. जाहिराती झळकल्या. २०२३ मध्ये कंपनी यातून बाहेर पडली.

मग शेवाळ टाकाऊ काय? मुळीच नाही. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस फुकट मिळतात. शेवाळ ते शोषते व प्राणवायू सोडते. त्यावर जिवाणू घाण कुजवतात. पाणी शुद्ध करणे हे मुख्य काम आणि तेल ही वरकमाई, असा हिशेब अधिक जुळतो.

संशोधन चालू राहावे, असेच आम्ही म्हणू. मात्र उद्याच्या हिरव्या तेलाचे नाव सांगून आजचा धूर कोणी माफ करून घेऊ नये. त्या धुराची आणि वाढत्या उन्हाची किंमत प्रथम मोजतो तो रस्त्यावर, भट्टीपाशी आणि शेतात राबणारा माणूस. आणि वचन देताना त्याला कोणी विचारलेले नसते.